मालकांच्या खारट-गोड लाह्या

घरमालक म्हणलं की तुमच्या डोळ्यांपुढं कोण उभं राहिलं ते मला माहीत आहे. पोट सुटलेलं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि पहिली तारीख उजाडायच्या आत दार वाजवणारं कुणीतरी. त्याला परत पाठवा. आमचे मालक शेवग्याच्या शेंगेसारखे होते, किल्ली त्यांना कधी सापडायची नाही, आणि आज तारीख काय ते मलाच विचारायचे. वर लाह्यांचं नाव वाचून तोंडाला पाणी सुटलं असेल तर तेबी गिळा. निम्म्या गोष्टीत नुसता धूरच आहे.

मी माळशिरसहून सोलापुरात नवीन आलेलो. फायनल पास, शाळेत हंगामी मास्तर, आणि मिसरूड फुटल्याचा संशय फक्त मलाच. अंगात विद्या एकच, नकला. हेडमास्तरांची शिंक मी अशी काढायचो की वर्गातली पोरं उभी राहायची. मालकांची नक्कल तर घरात पाऊल टाकल्या दिवशीच बसवली. सोपी होती. फक्त दम लागायचा.

कारण हा माणूस एका जागी ठरायचाच नाही. होटगी जंक्शनला असिस्टंट स्टेशनमास्तर म्हणून सारी नोकरी केलेली. आता रिटायर झालेले, पण पाय अजून ड्यूटीवर. चहा चालत प्यायचे. जेवायला बसले की दोन घास खाऊन उठायचे, दारापर्यंत जाऊन रस्ता बघून यायचे, मग तिसरा घास. लांब कुठं शिट्टी वाजली की हातातलं टाकून अंगणात. अर्धी दाढी केलेले मालक हवेत उजवा हात धरून उभे आहेत आणि बाहेरचा दूधवाला 'थांबू का जाऊ' म्हणून ताटकळलाय, हे मी स्वतः बघितलंय.

माणसाला ते त्याच्या गावानं हाक मारायचे. बायको दुधनीची. तिला सारी गल्ली अव्वा म्हणायची, म्हणजे कानडीत आई. पण मालकांचं आपलं, "ए दुधनी, मीठ कुटंय?" घर लिंगायताचं, बोलणं निम्मं मराठी निम्मं कानडी, आणि भांडण पुरं कानडी. मला पहिल्या दिवशी विचारलं, "गाव?" म्हणलं, माळशिरस. ते दोन मिनिटं येरझाऱ्या घालत विचार करत राहिले. मग म्हणाले, "स्टेशन न्हाई, सिग्नल न्हाई. आलास कसा तू?"

कुठलंही काम करायच्या आधी ओरडायचे, "लाईन क्लिअर?" म्हणजे पुढची वाट मोकळी का. मोरीत जाताना, देवळात शिरताना, आणि सगळ्यात जास्त स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. आतनं अव्वाचं उत्तर ठरलेलं, "न्हाई! सिग्नल पडलं न्हाई अजून!" कारण उंबऱ्यावर मालक आले म्हणजे आता साखर जळणार, हे तिला माहीत होतं.

आता ते साखरेचं सांगतो. होटगीला एकदा कुणा बड्या साहेबाचा स्पेशल डबा येऊन थांबला. साहेबाच्या बटलरनं खिडकीतनं मालकांच्या हातावर मूठभर लाह्या ठेवल्या. आपल्या ज्वारीच्या नव्हेत, मक्याच्या. टपोऱ्या. आणि वरनं तांब्याच्या रंगाचं पातळ कवच. मालकांनी एक तोंडात टाकली. ती चव सांगताना ते अजूनही जीभ टाळ्याला लावून थांबायचे. "आदी गोड लागतंय रे. मग खारट. मग जरासं कडू, आपण म्हणावं जळलं की काय, तवर परत गोड! आन् दाताखाली काडकन्!" हे कसं केलं म्हणून विचारायला ते खिडकीकडं वळले, तर गाडी हलली होती.

"कुणी सोडली गाडी?" मी मुद्दाम विचारायचो.

"मीच की रे! माज्या हातानं लाईन क्लिअर दिली!" आणि कपाळावर हात मारून अंगणाला एक फेरी.

तेव्हापासून मालकांचं एकच. त्या लाह्या घरी करायच्या. मका आणून द्यायचा त्यांचा एक जुना दोस्त, मालगाडीचा ड्रायव्हर. तो दौंडचा, म्हणून त्याचं नाव दौंड. रविवारी दुपारी कढई चढायची. मका तडतडायला लागला की मालक कढईभोवती असे नाचायचे की लाह्या जास्त उडतात का मालक, ते कळू नये. न फुटलेले दाणे, म्हणजे गणंग, ते वेचून माझ्या अंगावर फेकायचे. "हे तुज्या गावचे!" मग साखर. नुसती, कोरडी, पाण्याशिवाय. ती वितळली की लोणी, लोण्यावर मीठ. पण वितळणारी साखर म्हणजे उभं राहून बघायची गोष्ट, आणि ह्यांना त्याच वेळी शिट्टी ऐकू यायची. अंगणात जाऊन येईपर्यंत कढईत डांबर. शेजारी तेलुगू विणकर राहायचे. त्यांची म्हातारी धूर बघून घागर घेऊन पळत यायची, "इल्लु कालिपोतोंदा?" म्हणजे घर पेटलं का गं. अव्वा दारातनं सांगायची, "घर न्हाई, साखर!" म्हातारी घागर घेऊन परत.

ते डांबर खायचं कुणी? त्यांची लेक. मी राहायला आलो तेव्हा ती लग्न होऊन अक्कलकोटला गेलेली, मी तिला पाहिलं नव्हतं. पण अव्वा सांगायची, लहानपणी ती प्रत्येक रविवारी ताटली घेऊन बसायची, काळ्या गोळ्यातनं दातानं लाही सोडवायची आणि बापाला म्हणायची, "अप्पा, आज कमी जळलंय की!" तेवढ्यावर मालक पुढचा आठवडा चालायचे.

आणि पाकानंच घात केला. लग्नानंतरची पहिली पंचमी. लेकीनं नागपंचमीला माहेरी यायचं, झोका खेळायचा, ही तिकडची रीत. मालक तिला न्यायला अक्कलकोटला गेले. व्याही गुळाचे व्यापारी. मोठी पेढी, चार माणसं बसलेली. त्यांनी मानानं गुळाच्या पाकातल्या उंड्या पुढं ठेवल्या, म्हणजे लाडूच. आमच्या मालकांनी लाडू फोडला, अंगठा आणि बोटात पाक चोळला, उजेडाकडं धरून तार बघितली आणि भर पेढीवर जाहीर केलं, "पाक कच्चा हाय."

गुळाच्या व्यापाऱ्याला!

व्याह्यांनी ताटली उचलून मागं ठेवली. आवाज न चढवता म्हणाले, "पाक कच्चा, मग आमच्या घरात आलेली सून बी कच्चीच आसंल. पक्की झाली की पाठवतो."

मालक रिकाम्या हातानं परत आले. पुढच्या पंचमीलाही लेक आली नाही. अव्वा अधनंमधनं जाऊन भेटून यायची. मालकांना त्या घराचं दार बंद.

तिसऱ्या वर्षी श्रावण लागला आणि एक ओळखीचा व्यापारी सांगावा घेऊन आला. व्याही पंचमीच्या दिवशी सोलापूरला येणार आहेत, सुनेला संगट घेऊन. दुपारी जेवतील. वाटलं तर ठेवून जातील, न वाटलं तर संध्याकाळच्या गाडीनं परत नेतील. झालं! घराची रेल्वे झाली. मालकांनी अंगण झाडलं, मग परत झाडलं, मग विणकरांचं अंगण झाडलं. अव्वानं सगळ्यांना दम भरला. मालकांना जास्त.

"बीगरु आले की सुम्न कूड्री!" बीगरु म्हणजे व्याही, आणि पुढचं म्हणजे गप बसा. "पाक, तार, गूळ, कायबी बोलायचं न्हाई. विचारलं तर ह्यो मास्तर बोलंल."

"आन् लाह्या?" मालक.

"लाह्या आदल्या दिवशी करा. पंचमीला कढई चढणार न्हाई, आत्ताच सांगते."

पंचमीला चूल तापते ती उकडण्यापुरती. चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा-कढई चढवायची नाही, नागाला चटका बसतो. कुठल्याही घरात विचारा. म्हणून आदल्या दिवशी दुपारी कढई चढली. दौंडनं कुठनंतरी ऐकून आणलं होतं की साखरेत चिमूटभर खायचा सोडा टाकून बघ. मालकांनी टाकला आणि कढईतली साखर फसफसून वर आली, सोनेरी, फेसाळ. त्या दिवशी शिट्ट्या दोन झाल्या, मालक हलले नाहीत. मी मालकांना मागनं धोतराला धरलं होतं हा भाग वेगळा. लाह्या निघाल्या त्या अशा की अव्वासुद्धा एक खाऊन दुसऱ्या लाहीकडं बघत राहिली. मालकांनी त्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरल्या.

पंचमीला पहाटेपासनं भुरभुर. मालकांनी डबा उघडला. सगळ्या लाह्या सादळून चिकट लगदा झालेल्या. हात घातला तर हात बाहेर येईना.

"लाईन क्लिअर?" ते उंबऱ्यावर गेले. आवाज अगदी बारीक.

अव्वा चुलीपुढं आडवी उभी. "तुमच्या पाकापायी एकदा पोरगी गेली. आता कढईपायी घालवू नका."

मालक अंगणात आले. फेऱ्या सुरू. तुळशीपासनं दारापर्यंत, दारापासनं तुळशीपर्यंत, डबा काखेत. तेवढ्यात स्टेशनाकडनं शिट्टी आली. मालक थांबले. मान वाकडी केली. "दौंडचं इंजिन," म्हणाले, आणि "माळशिरस, चल!" म्हणून जे सुटले ते थेट स्टेशन. मागनं मी, छत्री घेऊन.

इंजिनात भट्टीच्या तोंडाच्या वर एक लोखंडी फळी असते. ड्रायव्हर लोक तिथं चहाची किटली ठेवतात, भाकरी गरम करतात. मालकांनी खालनं डबा वर केला. "दौंड, ठेव! जरा कडक होऊ दे!"

"अप्पा, आज पंचमी न्हवं?"

"माजी कढई थंडच हाय की! ठेव!"

दौंडनं ठेवला. आणि सिग्नल पडलं. मालगाडी होटगीला निघाली, डबा घेऊन. मालकांनी एकदा इंजिनाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि गार्डाच्या डब्याकडं धावत सुटले. गार्ड ओळखीचा निघाला, नाहीतर मी आज ही गोष्ट कोर्टात सांगत असतो. सबंध वाट मालक बाहेर डोकं काढून उभे. इंजिनाचा सगळा धूर तोंडावर. होटगीला उतरले तेव्हा डोळे आणि दात तेवढे ओळखीचे राहिले होते.

डबा खाली आला, उपरण्यात धरूनसुद्धा हात भाजत होते. झाकण काढलं. आत लाह्या सकाळपेक्षा ढिल्या! काकवीत बुडवल्यासारख्या लोळत होत्या. मालकांनी झाकण लावलं. "संपलं," म्हणाले. "चल. घरी गप बसायचं ठरलंय, बसतो गप."

परतीची पॅसेंजर आली. आम्ही पुढं झालो आणि समोरच्याच खिडकीत जाड मिशा, डोक्याला रुमाल, हातात काठी. त्यांच्यामागं पदर घेतलेली एक पोरगी. ती खिडकीतनं बघता बघता उभी राहिली.

"अप्पा?"

व्याह्यांनी वरपासनं खालपर्यंत मालकांना बघितलं. काजळी, घाम, उपरण्यात गुंडाळलेला डबा. घसा खाकरला. "ह्हं… पाव्हणं, न्यायला आला व्हय आमाला? वर या."

आम्ही समोरच्या बाकावर बसलो. गाडी सुटली. मालकांनी अव्वाची आज्ञा पाळून ओठ असे आवळले होते की मिशी उभी राहिली. विचारलेल्याचं उत्तर मीच देत होतो. पाऊस कसा? बरा. गुळाचा भाव तिकडं काय? मास्तर हाय, मला कसला गूळ. मी बोलत होतो आणि नकलाकाराची खोड, बघतही होतो. व्याही बोलायच्या आधी 'ह्हं' करून काठी एकदा आपटायचे, मग शब्द एकेक करून ठेवायचे, मापात घातल्यासारखे. पोरगी खाली मान घालून. बाप समोर, सासरा शेजारी, बोलणार कुणाशी?

मधलं टिकेकरवाडी स्टेशन मागं पडलं असेल. गाडीला हिसके बसायला लागले आणि मालकांच्या मांडीवरचा डबा वाजला.

खळ्.

मालकांची मान वर आली. परत हिसका. खळखळ, खळखळ! थंड झाल्यावर कवच कडक झालं होतं! भट्टीच्या उबेला आतला सगळा ओलावा गेला होता. मालकांनी झाकण उपटलं. एकेक लाही सुटी, तांब्याच्या रंगाची, चकचकीत. त्यांनी डबा लेकीपुढं धरला.

तिनं एक उचलली. काडकन् आवाज मला समोर ऐकू आला. तिनं डोळे मिटले. "अप्पा…" म्हणाली, आणि सासऱ्याकडं बघून डब्याकडं गेलेला हात मागं घेतला.

व्याह्यांनी एक घेतली. मग दोन. मग मूठ. मिशीला चिकटलेली लाही बोटानं आत ढकलली. "ह्हं… चांगलं हाय. कवा केलं हे?"

मी तोंड उघडलं, पण मालक आधी बोलले. ह्या माणसानं आयुष्यभर गाडी कधी आली आणि कधी सुटली हे खरं तेच सांगितलेलं. "केलं काल. तापवलं आज. इंजिनावर."

व्याह्यांची मूठ हवेत थांबली. "आज? पंचमीला? खाणं लोखंडावर भाजलं?"

मालकांनी मान हलवली. काजळीतनं घामाची एक रेघ खाली उतरली.

काठी आपटली. "सोलापूर आलं की मी हिला घेऊन परतीची गाडी बगतो."

पोरीनं पदर पुढं ओढला. मालक उठून उभे राहिले, पण गाडीच्या डब्यात फिरायला जागा कुठली? दारापर्यंत दोन पावलं, परत दोन पावलं. मला ते बघवेना. आणि मला दुसरं काही येतच नाही. मी ताठ बसलो, हनुवटी आत घेतली, छत्री आपटली.

"ह्हं… इंजिन… सरकारचं. कोळसा… सरकारचा. मग पाप बी… सरकारचंच की. माजी मूठ… कशाला आडवता?"

शेजारच्या बाकावरच्या बाईनं चघळणं थांबवलं. व्याही माझ्याकडं असे बघायला लागले की मी खिडकी किती मोठी आहे ते बघून ठेवलं.

तेवढ्यात पदराआड एक बारीक फुसकारा. मग दुसरा. तिनं पदराचा बोळा तोंडात घातला, तरी काही उपयोग झाला नाही. ती हसली. फुटलीच. खांदे हलवत, डोळ्यांतनं पाणी काढत, पोट धरून हसत सुटली. थांबायला बघायची, सासऱ्याच्या मिशीकडं नजर जायची आणि परत सुरू.

व्याह्यांनी हळूहळू मान वळवली आणि सुनेकडं बघत राहिले.

"ही हसती व्हय?" ते कुणालाच उद्देशून म्हणाले. "आमच्या घरात येऊन इतके दिवस झाले. मला वाटायचं, हिला हसायला येतच न्हाई."

मग हातातली मूठ तोंडात टाकली आणि सावकाश चावली. "ऱ्हाऊ दे हिला माहेरी," म्हणाले. "गौरी-गणपती झाले की नेतो."

घरी पोचलो. अव्वानं लेकीला बघून हातातलं भांडं सोडलं. पुरणाची उकडलेली दिंडं खाऊन झाली, लाह्यांचा डबा रिकामा झाला, व्याही नीट मानानं जेवून एकटेच स्टेशनला गेले. पोरगी विणकरांच्या पोरींबरोबर लिंबाच्या झाडाला झोका खेळायला गेली. तिचं हसणं भिंतीवरनं आत येत होतं. आणि मी? मी कौतुकाची वाट बघत होतो. अव्वाला व्याह्यांची नक्कल तीनदा करून दाखवली. तिसऱ्यांदा काठीसाठी लाटणं घेतलं. तेवढ्यात परसातनं हाक आली.

"माळशिरस! हिकडं ये."

मालकांनी तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. आडापासनं भिंतीपर्यंत, भिंतीपासनं आडापर्यंत.

"गणंग! पाव्हण्याची नक्कल करतोस? त्येच्या तोंडावर? लेकीचा सासरा हाय त्यो! त्यो उठला असता तर? साखळी वडून उतरला असता तर? तुला शाळंत ठेवून घेणाऱ्यालाच धरून हाणला पायजे!"

"पण मालक, ताई राहिली की."

"गप! राहिली ते कळतंय मला. मला डोळे हायत." ते आडाजवळ गेले, परत आले. "'हिला हसायला येतच न्हाई,' त्यो म्हणला ते ऐकलंस? तू हसवलंस म्हणून बोलला त्यो. न्हाईतर बोलला नसता, आन् मला कळलं नसतं. ही दुधनी दर खेपंला अक्कलकोटला जाऊन येती, आन् मला सांगती, पोरगी हसत-खेळत हाय. मी बी तेवढ्यावर झोपायचो की रे."

मागं दारात अव्वा ताट घेऊन उभी होती. तिनं ताट खाली ठेवलं नाही आणि पुढंही आली नाही. भिंतीपलीकडं झोका करकरत होता.

"आता गौरी-गणपती झाले की त्यो येणार न्यायला," मालक म्हणाले. त्यांचा आवाज चढला आणि मधेच चिरकला. "मी तिला गाडीत बसवू कशी? आं? लई त्वांड चालतंय न्हवं तुजं? साऱ्या डब्याला हसवतोस न्हवं? मग आता सांग की. बसवू कशी?"